घेवड्याचा पहिला तोडा

"घे," मथुराआक्का म्हणाल्या आणि बांधावरूनच त्यांनी पाटी माझ्या हातात दिली. वर ओलं फडकं होतं. ते बाजूला केलं तर खाली घेवडा. कोवळा, हिरवागार, प्रत्येक शेंगेला जांभळी कड.

"एवढा?" मी म्हणाले.

"पैला तोडा हाय."

"अहो, पण मी एकटी आहे. हे पुण्याला गेलेत, परवा येतील. एवढ्याचं मी काय करू?"

"तुजं तू बघ काय करायचं ते. मोडून तर बघ आधी."

मी एक शेंग घेऊन मोडली. कट्कन मोडली. आक्कांनी मान डोलावली, जणू काही शेंगेनं परीक्षा पास केली होती. मग पदरानं हात पुसत त्या त्यांच्या रानाकडे वळल्या. पाच-सहा पावलं गेल्यावर थांबून म्हणाल्या, "शिरा नीट काढ गं पोरी. पुण्याच्या बायका तशाच टाकत्यात भांड्यात."

पंचवीस वर्षं झाली त्याला. दसरा होऊन आठवडा उलटला होता आणि आम्हाला धामणेवाडीत येऊन सहा महिने झाले होते. माझ्या यजमानांची, दिगंबरांची, भोसरीतली कंपनी बंद पडली आणि त्यांनी वाईच्या अलीकडे, महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्याला लागून दोन एकर जमीन घेतली. भाजी पिकवायची, रस्त्याच्या कडेला मांडव घालून आपली आपण विकायची, उरलेली टेम्पोनं पुण्याच्या सोसायट्यांमध्ये पोचवायची, असा बेत. वहीत मांडलेला बेत फार देखणा होता. प्रत्यक्षात टेम्पोबरोबर ते आठवड्यातले चार दिवस पुण्याला असत. मुलगी मृणाल शाळेसाठी माझ्या आईकडे राहिलेली. घरच्यांनी मिळून करायची शेती म्हणून आम्ही निघालो, आणि घरच्यांपैकी शेतावर राहिले मी एकटी.

गावानं मला वाईट वागवलं असं नाही. गावानं मला वागवलंच नाही. आमची स्वतःची बोअर होती, म्हणून मी नळावर जात नव्हते. पीठ पुण्याहून यायचं, म्हणून गिरणीत जात नव्हते. मला कुणाची गरज नव्हती, आणि जिला आपली गरज नाही तिच्या दारात कोण कशाला जाईल? दिवसभरात बोलणं व्हायचं ते मांडवापाशी थांबणाऱ्या गाडीवाल्यांशी. टोमॅटो कसे दिले आणि ताजे आहेत का, एवढंच. मी रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईला नमस्कार करायला लागले होते. हसू नका. एकदा मी तिला घसा बसलाय का म्हणूनही विचारलं.

"दिवाळीपर्यंत बघू," दिगंबर म्हणाले होते. "मांडव चालला नाही, किंवा तुला करमलंच नाही, तर विकून टाकू आणि परत जाऊ."

मला तर आषाढातच परत जायचं होतं. थांबले ती मथुराआक्कांमुळे.

आमच्या बांधापलीकडे त्यांचं अर्धा एकर रान आणि एका खोलीचं घर. साठी उलटलेली, काटक, नवरा केव्हाच गेलेला, एक लेक ती लांब सासरी. मी आल्या आल्या एका दुपारी, बारा वाजता, टळटळीत उन्हात वांग्याची रोपं लावत होते. बांधावरून आवाज आला, "आगं ए, दुकानात वाढलीस काय?"

मी वर बघून म्हणाले, "हो. दुकानातच वाढले."

आणि ते खरंच होतं. भवानी पेठेत माझ्या वडिलांचं किराणा दुकान. पोत्यांवर बसून मी पाढे पाठ केले, पुड्या बांधता बांधता दहावी झाले. हे ऐकून आक्का इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग उठून बांध ओलांडून आल्या, माझ्या हातातली रोपं काढून घेतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवली. "दिस कलू दे. मग लावू," म्हणाल्या. लावू म्हणाल्या, लाव नाही.

तेव्हापासून चार वाजले की त्या बांधावर येऊन बसायच्या. मी चहा करून न्यायचे. त्या मला कुठली अळी कशावर पडते ते सांगायच्या, कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते सांगायच्या, आणि बोलण्यासारखं काही नसलं तर आम्ही दोघी रस्त्यावरच्या गाड्या बघत बसायचो. त्या मला पोरी म्हणायच्या. मी छत्तीस वर्षांची, अकरा वर्षांच्या मुलीची आई. लग्न झाल्यापासून मला कुणी पोरी म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दासाठी मी सकाळपासून चार वाजायची वाट बघत असे, हे आज कबूल करायला काही हरकत नाही.

तर घेवडा आला तो दिवस शनिवारचा होता. शनिवार म्हणजे गाड्यांचा दिवस. आणि मांडवावर काय होतं? आदल्या आठवड्यात परतीच्या पावसानं टोमॅटो कुजवले होते. मेथी पिवळी पडलेली. सात-आठ दुधी, थोडी मिरची, आणि जून झालेली गवार. सकाळी नऊच्या सुमाराला एक पांढरी गाडी थांबली, आतल्या बाईंनी काच खाली केली, मांडवावर नजर फिरवली आणि काच वर केली. दुसऱ्या गाडीनं तर नुसता वेग कमी केला.

माझं लक्ष पाटीकडे गेलं. 'तुजं तू बघ काय करायचं ते,' असं आक्का म्हणाल्या होत्या. आणि मला एकदम उलगडा झाला. म्हातारीनं बांधावरून माझा रिकामा मांडव पाहिला असणार. म्हणून एवढा आणला. एकट्या बाईला खायला कुणी पाटीभर घेवडा देतं का? मला अगदी भरून आलं. या गावात कुणीतरी माझ्या धंद्याला हातभार लावतंय, असं मनाशी म्हणत मी पाटी उचलली आणि घेवडा मांडवाच्या अगदी पुढे, केळीच्या पानावर, रास करून मांडला. वर पाणी शिंपडलं. घरासाठी मूठभर बाजूला काढावा, हेसुद्धा सुचलं नाही. दुकानात वाढलेल्या माणसाला दारात आलेली प्रत्येक वस्तू माल दिसते.

तो घेवडा तासाभरात गेला. पहिली गाडी थांबली, "गावठी आहे का हो?" मी म्हटलं, "गावठीच. आत्ता तोडलाय." मग त्यांना पाहून दुसरी थांबली. घेवड्यासाठी थांबलेल्यांनी दुधी नेले, मिरची नेली, जून गवारसुद्धा नेली. सहा महिन्यांत मांडव असा कधी चालला नव्हता. एका बाईंसाठी शेवटच्या शेंगा तराजूत टाकत होते तेवढ्यात मागून आक्का आल्या. सकाळी अकराला त्या कधी यायच्या नाहीत. हातात कोथिंबिरीची जुडी होती.

"म्हनलं कोथमीर लागंल वरनं घालाया," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर तराजूवर गेली.

"आक्का, या, या. बघा तरी. सगळा गेला."

"तू खाल्लास का?"

"छे हो, खाते कुठली, राहिलाय कुठं? तासाभरात संपला. लोक हातातून ओढून नेत होते नुसते." मी तराजूची दांडी सरळ केली, शेंगा पिशवीत ओतल्या, बाईंच्या हातात दिल्या. आणि आक्कांकडे वळून, माझ्या मते मोठ्या मायेनं म्हणाले, "आक्का, उद्यापासून रोज आणा. जेवढा निघेल तेवढा. आपण अर्धं अर्धं करू."

आक्कांनी रिकाम्या केळीच्या पानाकडे पाहिलं. त्यावर दोन तुटक्या शेंगा राहिल्या होत्या.

"खपला व्हय," त्या म्हणाल्या. "ब्येस झालं."

त्यांनी पाटी उचलली, आत फडकं नीट घडी करून ठेवलं आणि गेल्या. कोथिंबीर मांडवावर राहिली. ती मी विकली.

त्या दिवशी चारला बांधावर कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी चहा केला आणि दोन्ही दिवशी दोन्ही कप मीच प्याले. तिसऱ्या दिवशी हाक मारली तर रानातून "काम हाय" एवढं उत्तर आलं. त्याच रात्री दिगंबर आले. मी त्यांना सगळं सांगितलं.

"तिचे पैसे दिलेस का तिला?" त्यांनी विचारलं.

अर्धं अर्धं म्हणाले होते खरं, पण दिले नव्हते.

"मग रागावणार नाही तर काय? घेवडा तिचा आणि गल्ला तुझा. म्हातारी माणसं तोंडानं मागत नाहीत."

मला ते अगदी पटलं. वडिलांच्या दुकानातही माणसं रुसायची ती याच कारणानं. मी एका कोऱ्या पाकिटात पैसे घातले, अर्धे नाही, सगळे. पाकिटाला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि आक्कांच्या घरी गेले. त्या अंगणात बाजरी पाखडत बसल्या होत्या.

"आक्का, हे तुमचे."

"माजं? कशाचं?"

"घेवड्याचे. त्या दिवशी द्यायचे राहिले. चुकलं माझं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं नको म्हणतील, आणि मग मी आग्रह करायची तयारी केली होती. पण त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले, पाकीट घेतलं, कपाळाला लावलं आणि कमरेला खोचलं.

"बसा की ताई," त्या म्हणाल्या. "च्या टाकू का?"

ताई. आणि बसा. मी ते ऐकलं, पण पैसे घेतले याचंच मला इतकं हायसं वाटलं होतं की कानावरून जाऊ दिलं. म्हणाले, "नको, मांडवावर कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आक्का पाटी घेऊन मांडवावर हजर. बांधावरून नाही, रस्त्यानं फिरून. पाटी तराजूपाशी ठेवून म्हणाल्या, "भरा."

"बसा ना आक्का. चहा टाकते."

"न्हाई, रानात काम हाय. भरा तुमी."

मी वजन केलं, वहीत मांडलं. त्या काटा बघत उभ्या होत्या, आणि मी सांगितलेलं वजन एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मागे आणखी दोघी आल्या. एकीकडे अळू, एकीकडे देठासकट भोपळे. त्या आठवड्यात पाच झाल्या. ज्या बायका सहा महिने माझ्याकडे बघून पदर सावरून पुढे जायच्या, त्या आता स्वतःहून येत होत्या. गावठी भाजी म्हणून मांडवाचं नाव झालं. गाड्या ओळीनं थांबू लागल्या. दिगंबरांनी वाईच्या पेंटरकडून नावाची पाटी रंगवून आणली. दिवाळीपर्यंत अकरा बायका माल आणत होत्या, आणि पाडव्याच्या दिवशी दिगंबरांनी मला विचारलं, "मग? आता परत जायचं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. भरलेल्या मांडवासमोर उभं राहून कोण हो म्हणेल?

पण खरं असं होतं की पूर्वी माझ्याकडे कुणी येत नव्हतं तेव्हा मी जेवढी एकटी होते, त्याच्या दुप्पट आता झाले होते. अकरा जणी येत, भरा म्हणत, काटा बघत आणि जात. एकमेकींशी बोलत येत आणि मांडवापाशी आल्या की बोलणं बंद करत. सगळ्यांची मी ताई. चार वाजता बांधावर एक सरडा येऊन बसायचा. मी तेवढ्यापुरती घरात जायचे, म्हणजे तो बांध दिसायला नको.

आज तिथे पत्र्याची मोठी शेड आहे. दिगंबर थकलेत, मृणाल आणि जावई सगळं बघतात. पस्तीस बायका माल आणतात. सुट्टीच्या दिवशी लोक फोटो काढतात, कुणी कुणी विचारतात, हे सुरू कसं झालं? मी सांगते, एका घेवड्याच्या पाटीपासून. त्यांना ते आवडतं. पुढचं मी कुणाला सांगत नाही.

त्या वर्षीचा मार्गशीर्ष लागला होता. घेवड्याचा बहर उतरत आलेला. एका दुपारी मी मांडवावर फडकं टाकलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाल्यासारखी तोंड धुऊन, केस विंचरून आक्कांच्या घरी गेले. त्या दारात बसून पोत्याला टाके घालत होत्या.

"आक्का, माझं काय चुकलं?"

"कुटं काय चुकलं? ब्येस चाललंय की समदं."

"तुम्ही मला ताई म्हणता."

"मग काय म्हनू? मालकीन हायसा."

"आधी पोरी म्हणायचात."

त्यांनी सुई पोत्यात खुपसून ठेवली. मी उंबऱ्याखाली, मातीतच बसले.

"माजी लेक हाय हौसा," त्या म्हणाल्या. "वापीला असती, तिकडं गुजरातंत. तुला सांगितलंय म्या."

"हो."

"दर साली घेवड्याचा पैला तोडा तिला जायाचा. वानोळा. हितनं येस्टीनं वाईला न्यायचा, आन् तिकडं जानारं कुनी गावलं की त्येच्या हातात द्यायचा. दोन दिस लागायचं. निम्मा सुकायचा वाटंत. तरी ती चिठ्ठी धाडायची, ग्वाड लागला म्हून." त्यांनी पोतं बाजूला सारलं. "मग जावई म्हनला, हितं दारात गाडी येती भाजीची, समदं मिळतंय, कशापायी तरास घेता. चांगल्या मनानंच म्हनला त्यो. वंगाळ मानूस न्हाई. पन म्या लावायचंच सोडलं. चार सालं येल न्हवता कुंपनावर. एकटीला काय, मीठभाकर पुरती."

"मग यंदा?"

"बी हुतं राखंत ठिवल्यालं. उगवंल असं वाटत न्हवतं. तू आलीस, त्या वांग्याच्या रोपांपाशी बसलीस येड्यावानी, आन् रातीला म्या गाडगं काढलं. म्हनलं, आता द्यायाला कुनीतरी हाय."

वानोळा हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. पेठेतही शेजारीपाजारी चालायचा. गावाकडून भुईमुगाच्या शेंगा आल्या, हुरडा आला की वाटीवाटीनं घरोघर जायचा. फक्त आमच्या घरी कधी आला नाही. दुकानदाराला कोण काय देणार? त्याच्याकडे सगळं असतंच, असं लोकांना वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावानं आलेला वानोळा मी तासाभरात विकून मोकळी झाले होते, आणि वर त्याचे पैसे हळदीकुंकू लावून परत आणून दिले होते. मला रडू फुटलं. लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडले.

"आगं, रडती कशापायी," आक्का म्हणाल्या. "तुजा काय दोस न्हाई. तुला कुनी सांगितलंच न्हाई, आन् मी बी बोलली न्हाई."

"मग आता द्या," मी म्हणाले. "मांडवावर नका आणू. मला द्या. घरापुरता, मूठभर."

"आता कसा द्यू?"

"का?"

"आता मला भाव ठावा झालाय न्हवं त्येचा. आदी मूठ उचलली की मूठच वाटायची. आता उचलली की मनात येतं, येवढ्याचा गेला. परवा शेजारची आली कालवनाला मागाया, तर माजाच हात आखडला बघ. अशी न्हवती मी." त्यांनी आपला तळहात उलटासुलटा करून पाहिला. "आता हातच तसा झाला त्याला काय करायचं."

"तरी द्या," मी हट्टानं म्हणाले.

आक्का हसल्या. दीड महिन्यानं हसल्या माझ्याकडे बघून. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कुंपणाशी गेल्या. वेलावर शेवटच्या शेंगा राहिल्या होत्या, त्यातल्या कोवळ्या कोवळ्या बघून तोडल्या, जून झालेल्या तशाच सोडल्या. किती घेतोय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पदरात धरून घेऊन आल्या.

"धर वटी," म्हणाल्या.

मी उठून उभी राहिले आणि पदर पुढे केला. त्यांनी सगळा घेवडा त्यात ओतला, एक शेंग खाली पडली ती उचलून वर ठेवली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "जा पोरी. कर जा, आन् खा. शिरा काढ नीट."

मला फार आनंद झाला. मी पदराची टोकं एकत्र धरली. आणि माझ्या हातानं, मला न विचारता, ती ओटी जराशी वर उचलली, खाली केली आणि पुन्हा वर उचलली.

आक्का बघत होत्या.

"किती भरला?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, अगदी सहज.

"पाव किलोला थोडा कमी," मी म्हणाले.